फोन बदलला की बिल बदललं?

लँडलाईन मेली आणि ती मोबाईलने मारली, ही गोष्ट आपण सगळेच सांगतो. आकडे पाहिले तर ती अर्धीच खरी निघते. २००६ च्या सुमारास देशात जवळजवळ ५ कोटी लँडलाईन होत्या. घसरत घसरत २०२० पर्यंत त्या २ कोटींवर आल्या. इथवर गोष्ट बरोबर. पण मार्च २०२४ अखेर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, हिशेबात तारेवरचे फोन पुन्हा ३ कोटी ३७ लाखांवर गेलेले दिसतात. मेलेलं कुणी चार वर्षांत दीडपट होत नाही. त्याच महिन्यात मोबाईल जोडण्या ११६ कोटींच्या वर होत्या, तेव्हा बरोबरीचा प्रश्नच नाही. पण लोक एखादी वस्तू सोडतात कधी आणि पुन्हा घरात घेतात कधी, हे समजून घ्यायला हे आकडे बरे पडतात.

त्यासाठी यंत्राकडे थोडं कमी पाहावं आणि बिलाकडे जास्त, असं माझं मत आहे. कॉलचे पैसे कोण देतो, बोलणारा की ऐकणारा? कशाचे देतो, अंतराचे, मिनिटांचे की महिन्याचे? एवढं ध्यानात घेतलं की गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या आपल्या फोनच्या सवयी एकेक करून उलगडत जातात.

आधी ट्रंक कॉलचा काळ. एक्स्चेंजला फोन करून नंबर द्यायचा आणि वाट पाहत बसायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर चढत जायचे. घाई जितकी, तितके पैसे. १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर देशातली पहिली एसटीडी सुरू झाली, पण थेट डायल करण्याची सोय गावागावांत पोचायला पुढची तीसेक वर्षं गेली. १९९१ साली अख्ख्या देशात फोन होते सुमारे ५० लाख. नवं कनेक्शन मागितलं की नाव यादीत जायचं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहायचं. जास्त अनामत भरून रांगेत पुढे जाण्याची ओवायटी नावाची योजनाही होती. म्हणजे फोन मिळण्यापूर्वीच बिलाचा खेळ सुरू.

त्यामुळे अख्ख्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, फोन एकाच्याच घरी. भाटकाराकडे म्हणजे जमीनदाराकडे, डॉक्टरांकडे, नाहीतर तिठ्यावरच्या दुकानात. जुन्या लग्नपत्रिका कुणी जपून ठेवल्या असतील तर खालच्या कोपऱ्यात पाहा: ‘फोन (पी.पी.)’ असं लिहून पुढे शेजाऱ्याचा नंबर छापलेला असतो. पी.पी. म्हणजे फोन आमचा नाही, पण हाक मारली की येतो. आखातात किंवा बोटीवर असलेल्या मुलाचा फोन यायचा तो याच नंबरावर. आखातात शुक्रवारची सुटी, म्हणून शुक्रवारी शेजाऱ्यांच्या सोप्यावर दोन-तीन घरची माणसं आपापल्या फोनची वाट पाहत बसलेली दिसत. फोन घेणाऱ्याला पैसे पडत नव्हते, म्हणून शेजारी कुरकुरत नसत. बाहेर लावायचा म्हटलं की मात्र तोंडं बदलायची. फोनवर क्रोशाचं आच्छादन आणि डायलच्या भोकात छोटं कुलूप, ही जोडी ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. आच्छादन पाहुण्यांसाठी, कुलूप घरच्यांसाठी.

मग आले पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करायचे सार्वजनिक बूथ. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, तंत्रज्ञ सॅम पित्रोदा तिच्यामागे होते. तिने बनवलेली छोटी ग्रामीण एक्स्चेंजेस धूळ, उकाडा आणि दमट हवा सोसणारी होती, त्यांना वातानुकूलित खोली लागत नसे. कोकणपट्टीला दुसरं काय हवं होतं? अशी एक्स्चेंजेस आणि त्यांच्या जोडीला बूथ, यांमुळे ज्याच्या घरी फोन नव्हता त्यालाही फोन ‘करता’ येऊ लागला.

बूथमधला तो लाल आकड्यांचा मीटर आठवतो? तो एवढ्या वेगाने का पळायचा हे बहुतेकांना कधी कळलंच नाही. दूरच्या कॉलचं युनिट महाग असतं, असा सर्वांचा समज. प्रत्यक्षात युनिटची, म्हणजे पल्सची, किंमत एकच होती. बदलायचा तो दोन पल्समधला वेळ. स्थानिक कॉलला एक पल्स तीन मिनिटं चालायचा. गाव जसं दूर, तसा पल्स काही सेकंदांवर यायचा. एक्स्चेंज तारेवरूनच मीटरला सूक्ष्म ठोके पाठवायचं आणि मीटर ते मोजायचा. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणजे तेच ठोके सावकाश पडायचे. म्हणून रात्री जेवणं आटोपून माणसं बूथसमोर रांग लावत. एका हातात नंबरांची चिठ्ठी, डोळे मीटरवर, आणि ‘बरं आहे ना? ठेवतो’ हे एकाच श्वासात. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही फोनवर ओरडून आणि तुटक बोलतात. ती बहिरी नाहीत. ती त्या मीटरसमोर बोलायला शिकली.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. दर मिनिटाला १६ रुपयांच्या वर जाणारा, आणि आलेल्या कॉललाही पैसे. ऐकणाऱ्यालाही बिल पडायचं, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. साहजिकच सुरुवातीच्या मोबाईलवाल्यांनी मोबाईल पेजरसारखा वापरला. वाजला की नंबर पाहायचा, कट करायचा आणि जवळच्या बूथवर जाऊन उलट फोन लावायचा. खिशात मोबाईल असलेला माणूस एक रुपयाचं नाणं मागतोय, हे दृश्य तेव्हा विनोदी वाटत नसे.

मग खरा उलटफेर झाला तो १ मे २००३ ला. त्या दिवसापासून ‘जो लावतो तो भरतो’ हा नियम मोबाईललाही लागला आणि इनकमिंग फुकट झालं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतली फोनच्या बाबतीतली सगळ्यात मोठी तारीख हीच. कुठलंही नवं यंत्र आलं नव्हतं, टॉवर रातोरात वाढले नव्हते. फक्त पैसे कुणी द्यायचे ते बदललं. मासे विकणारी, गवंडी, रिक्षावाला, सुतार या सगळ्यांना फोन हवा होता तो मुख्यतः गिऱ्हाईकाचा कॉल घेण्यासाठी. त्यांच्यासाठी मोबाईल एकदम स्वस्त झाला. सव्वा-दीड वर्षातच, ऑक्टोबर २००४ मध्ये, देशात मोबाईलची संख्या लँडलाईनच्या पुढे गेली.

याच नियमाच्या पोटातून मिस्ड कॉल जन्मला. रिंग वाजली तरी कुणी उचलेपर्यंत पैसे नाहीत, ही त्यातली फट. लोकांनी तिचा पुरेपूर वापर केला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली उतर, आणि तीन वेळा लागोपाठ म्हणजे बॅलन्स संपलाय, तूच लाव. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, उद्या पाव किती ते सांगायलाही मिस्ड कॉल चाले.

पडद्यामागे आणखी एक हिशेब चालू होता. तुम्ही एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बोललात की पहिली कंपनी दुसरीला दर मिनिटाला काही पैसे देई. तुमचा कॉल शेवटच्या माणसापर्यंत पोचवण्याची ती मजुरी. तिला आययूसी म्हणतात. बोलणं फुकट होऊ न देणारी खरी गोष्ट ही होती. ग्राहकाला कॉल मोफत द्यायचा म्हटलं तरी समोरच्या कंपनीला मिनिटामागे पैसे मोजावेच लागत. १ मार्च २०१५ पासून लँडलाईन गुंतलेल्या कॉलवरची ही मजुरी रद्द झाली. मोबाईल ते मोबाईल ती १४ पैसे राहिली, १ ऑक्टोबर २०१७ ला ६ पैशांवर आली आणि १ जानेवारी २०२१ ला शून्य झाली. मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ बाजारात उतरलं. बोलणं फुकट आणि पैसे फक्त डेटाचे, असा व्यवहार त्याने मांडला, बाकीच्यांना मागोमाग जावंच लागलं. मिस्ड कॉल त्यातच संपला.

आता जरा गोव्याकडे. मोजणीच्या नकाशावर गोवा ही एक गंमतच आहे. लँडलाईनचा कोड पाहा: आपला ०८३२, बेळगावचा ०८३१, बंगळूरचा ०८०. शेजारच्या सावंतवाडीचा मात्र ०२३६३. म्हणजे तारेच्या हिशेबात आपण दक्षिणेकडचे. मोबाईल परवान्यांसाठी देशाचे विभाग पाडले तेव्हा मात्र गोव्याला महाराष्ट्राबरोबर बसवलं आणि त्याच विभागातून मुंबईला वगळलं. परिणाम असा की उत्तर टोकाच्या पेडण्याच्या माणसाला सावंतवाडीला लँडलाईनवरून फोन करायचा तर एसटीडी, आणि मोबाईलवर तो पार गडचिरोलीपर्यंत घरच्याच विभागात. उलट दक्षिण सीमेवरच्या पोळे गावाहून कारवारकडे निघालं, की चोर्ल्याचा घाट चढून बेळगावच्या वाटेला लागलं, की रोमिंग. काणकोणच्या माणसाचा बाजारहाट कारवारला, त्याला हा नकाशा कुणी विचारून काढला नव्हता. सीमेवरच्या वाड्यांत तर घरात बसूनच फोन पलीकडचा टॉवर पकडायचा आणि पैसे कापले जायचे. २०१६-१७ च्या आसपास रोमिंगचे पैसे गेले तेव्हा कुठे हा ताप संपला.

याच नकाशामुळे आणखी एक अडचण होते. ट्रायचे महिन्याचे मोबाईलचे आकडे परवान्याच्या विभागांनुसार येतात, त्यामुळे गोव्याचे आकडे महाराष्ट्राच्या रकान्यात विरघळतात. ‘गोव्यात इतके मोबाईल’ असा नेमका आकडा कुणी या तक्त्याच्या नावावर ठोकून देत असेल तर तो कुठून आला हे विचारावं. शिवाय जोडणी म्हणजे माणूस नव्हे. एका माणसाकडे दोन सिम असतात. आपल्याकडे तर एक सिम कामाचं, एक घरचं आणि तारवटी, म्हणजे बोटीवरचा माणूस, सुटीवर आला की त्याचं आणखी एक. म्हणूनच ट्राय एकूण जोडण्यांबरोबर दुसराही आकडा देतो: नेटवर्कवर प्रत्यक्षात चालू आढळलेल्या सिमांचा. तो एकूण संख्येच्या साधारण नव्वद टक्के भरतो. वर्तमानपत्रात मथळा होतो तो पहिल्याचा, पाहायचा दुसरा.

त्यापेक्षा जनगणना बरी, कारण ती घरं मोजते. २०११ साली देशातल्या ६३.२ टक्के कुटुंबांकडे फोन होता. त्यात फक्त मोबाईल असलेली ५३.२ टक्के, फक्त लँडलाईन असलेली ४ टक्के आणि दोन्ही असलेली ६ टक्के. यातली ओळ ध्यानात घ्यावी ती अशी: भारतात बहुतेकांनी लँडलाईन सोडून मोबाईल घेतला नाही. त्यांच्याकडे लँडलाईन कधी नव्हतीच. मोबाईल हा त्यांचा पहिला फोन. लँडलाईन ‘सोडली’ ती शहरांतल्या आणि गोव्यासारख्या सुखवस्तू भागांतल्या घरांनी, ज्यांच्याकडे ती आधीपासून होती.

ती का सोडली, याचं पहिलं उत्तर बिलातच आहे. फोन वापरा अथवा नको, महिन्याचं भाडं चालूच. दुसरं उत्तर आपल्या पावसात. जुन्या लँडलाईनला एक्स्चेंजपासून घरापर्यंत तांब्याच्या दोन तारा येतात. आधी जमिनीखालची जाड केबल, मग रस्त्याकडेचा पेटारा, तिथून खांबावरची डीपी, म्हणजे घरोघरी तारा वाटणारी छोटी पेटी, आणि शेवटी माडा-फणसांतून घरात शिरणारी तार. या वाटेवर कितीतरी सांधे. जूनमध्ये पाणी सांध्यात शिरलं की दोन तारांमध्ये गळती होते आणि कानात खरखर सुरू. त्यात रस्ता रुंद करायला जेसीबी आला की केबलच तुटते, आणि तांब्याला भाव असल्याने चोरीचीही धास्ती. लाईनमन येणार कधी, तर पाऊस ओसरल्यावर. चवथीला फोन बंद आणि नवरात्रीत सुरू, हा अनुभव गावोगावचा. तोवर घरच्या पोरांनी आजीच्या हातात मोबाईल दिलेला असे.

तांब्याचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. त्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेवरून यायची, साधारण ४८ व्होल्ट, आणि एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असायची. वादळात सगळा गाव अंधारात असला तरी फोन जिवंत. रिंग वाजताना तर तारेवर ७५ व्होल्टांच्या आसपास एसी दाब चढतो. उघड्या तारेला तेव्हा हात लागला तर काय होतं ते लाईनमनना विचारा.

आता तार परत आली आहे ती काचेची. ऑप्टिकल फायबरमधून वीज नाही, प्रकाश जातो. ओलावा लागला म्हणून खरखर होत नाही. लोकांनी ती घेतली इंटरनेटसाठी. २०२० च्या टाळेबंदीत गोव्याच्या सत्तरी-सांगे भागातली मुलं रेंज मिळवायला डोंगरावर चढून शाळेचे वर्ग करत होती, तेव्हा ज्यांना परवडलं त्यांनी घरात फायबर ओढून घेतला. त्याच्याबरोबर फोन नंबर आपसूक येतो, बोलणं फुकट. म्हणून सुरुवातीला सांगितलेला वाढलेला आकडा. यातल्या किती घरांत त्या नंबराला प्रत्यक्ष फोन जोडलेला असतो हा निराळा विषय. माझ्या ओळखीच्या कित्येकांना स्वतःचा नंबर ०८३२ च्या पुढे पाठ नाही. पूर्वी २७ म्हटलं की मडगाव, २५ म्हटलं की वास्को, हे माणसं झोपेतही सांगत.

फायबरची उणीव नेमकी तिथे, जिथे तांबं बरं होतं. काचेतून वीज येत नसल्याने घरातल्या त्या लुकलुकणाऱ्या डब्याला घरचीच वीज लागते. दिवे गेले की नेटही गेलं आणि फोनही. जूनच्या पहिल्या वादळात हे दरवर्षी नव्याने कळतं. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेतला तर काही तास निभतात. तार वीजखांबांवरून लोंबत आली असेल तर आंब्याची फांदी पडल्यावर काय होणार हे वेगळं सांगायला नको.

मोबाईल आणि तार यांना वैरी मानणंही चुकीचंच. तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतचा तुकडा तेवढा हवेतून जातो. टॉवरच्या पुढे शक्यतो फायबर, जिथे तो नाही तिथे डिशमधून दुसऱ्या टॉवरकडे. टॉवर दिसतोय पण नेट सरकत नाही, असं होतं तेव्हा बहुधा त्याच्या मागचीच वाट अरुंद असते. आणि लहरींचाही स्वभाव असतो. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. २३०० किंवा ३३०० च्या लहरी भरपूर डेटा वाहतात, पण टेकडी आडवी आली की थांबतात. चिऱ्याच्या दीड हात जाड भिंतींचं जुनं घर त्यांना टेकडीच वाटते. म्हणून अशा घरांत अंगणात पाच काड्या आणि माजघरात शून्य. गावात टॉवर नको म्हणून सह्या करायच्या आणि रेंज नाही म्हणून पंचायतीत भांडायचं, हे दोन्ही आपल्याकडे एकाच ग्रामसभेत चालतं.

माजघरातल्या शून्यावर उपाय सोपा आहे आणि पैसे न लागणारा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा. २०१९ अखेरपासून आपल्या कंपन्या ही सोय देतात. मग मोबाईलचा कॉल टॉवर न शोधता घरच्या वायफायवरून फायबरमध्ये उतरतो. नंबर मोबाईलचा, वाट लँडलाईनची.

नंबरांचाही एक हिशेब सांगून टाकतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन लावताना आधी शून्य लावावा लागतो. त्या एका शून्यामुळे मोबाईलसाठी सुमारे २५४ कोटी नवे नंबर मोकळे झाले. तारेवरच्या काहींना एक बटण जास्त दाबावं लागलं, बस्स.

आणि २००३ साली फुकट झालेलं इनकमिंग? ते गुपचूप परत महाग झालंय. २०१८ च्या अखेरीस काही कंपन्यांनी नियम आणला की सिम चालू ठेवायचं तर ठरावीक मुदतीत किमान रिचार्ज हवाच, नाहीतर आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंगही. लँडलाईनचं भाडं नको म्हणून मोबाईलकडे आलेल्या घरांना भाडं पुन्हा लागलं, फक्त नाव बदललं आणि ते माणशी झालं. फटका बसतो तो साध्या बटणांचा फोन वापरणाऱ्या काकू-मावशींना. त्यांना नेट नको असतं, मुलाचा फोन आला तर उचलायचा असतो. रिचार्ज मात्र रोजच्या दीड जीबीचा मारला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवायला लावले, त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. पुढच्याच महिन्यापासून ते बाजारात आले. घरात असा फोन असेल तर पुढच्या वेळी दुकानदाराला ‘नेहमीचाच मार’ म्हणू नका. ‘नेट नसलेला, लांब मुदतीचा’ असं स्पष्ट सांगा आणि महिन्यामागे किती पडतात ते तिथेच काढून पाहा.